कानउघाडणी

मराठी भाषेने कानावर जेवढा राग काढला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही अवयवावर काढला नसेल. आपल्याकडे बळी असतो तो कान पिळतो, वडील मंडळी कान उपटतात, गुरुजी कान धरून उठाबशा काढावयास लावतात, हितचिंतक कान टोचतात, आणि एवढ्यानेही भागले नाही म्हणजे कोणी थोर पुरुष पुढे होऊन कानउघाडणी करतो. या साऱ्या प्रकारांत कानाच्या धन्याने सांगितलेले ऐकलेले नाही, हे गृहीत धरलेले असते. त्याला ते ऐकूच आले नसेल, ही शंका कोणाच्या मनाला शिवत नाही. आम्ही बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. म्हणजे हे वाक्प्रचार मुलांकडून 'वाक्यांत उपयोग' करवून घेतले आणि मुलांच्या कानांवर आम्ही स्वतः त्यांचा उपयोग केला. आज त्याच कानांविषयी चार शब्द लिहावयास बसलो आहोत, ते काहीसे प्रायश्चित्ताच्या बुद्धीने.

आमचे बिऱ्हाड हैदराबादेत, नल्लकुंट्यास. तेलुगूत नल्ल म्हणजे काळे आणि कुंट म्हणजे लहानसे तळे. आमच्या गल्लीतून तळे काही दिसत नाही. दिसतात ती एकावर एक चढलेली घरे. आमचे वडील निजामाच्या अमदानीत नांदेडाकडून येथे शिकावयास आले. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, वडील मात्र येथेच राहिले. त्यामुळे आमच्या घरात मराठी, जिन्यावर तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी अशी वाटणी पहिल्यापासून आहे. चिरंजीवांनी गोव्याची मुलगी केल्यापासून फोंड्याहून येणाऱ्या फोनवर कोंकणीही घरात नांदू लागली. चार भाषा ऐकणारे घर म्हणून आम्हांस थोडा अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे.

नल्लकुंट्याचे नाव सबंध शहरास ठाऊक आहे ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे. एक शृंगेरीचा शंकर मठ आणि दुसरे फीवर हॉस्पिटल. या रुग्णालयास जुनी माणसे अजून 'कोरंटी दवाखाना' म्हणतात. इंग्रजीतल्या क्वारंटीन शब्दाला हैदराबादी जिभेने दिलेले ते रूप आहे. कागदोपत्री त्यास सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे, कारण डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रॉस यांस १८९७ साली जवळच सिकंदराबादेस सापडला. अशा रुग्णालयाच्या शेजारी जन्म गेला म्हणजे माणसाची आजाराची व्याख्याही तापमापकावर बसते. अंग तापले तर दुखणे, नाही तर ढोंग, असा आमच्या घरचा सरळ हिशेब होता. त्यामुळे ताप नाही, ठणका नाही, पू नाही, असे दुखणे आमच्या नातवाच्या दोन्ही कानांत येऊन राहिले, तेव्हा ते आम्हांस ओळखता आले नाही.

नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. हाक मारली तर तिसऱ्या वेळेस वळे. दूरदर्शन संच मोठ्याने लावी. प्रश्न विचारला की आधी 'काय?' म्हणे आणि मग पुष्कळदा भलतेच उत्तर देई. शाळेतून चिठ्ठी आली, 'वर्गात लक्ष देत नाही.' आम्ही स्वतः दोन वर्षांपासून कानात यंत्र घालतो. आमच्याशी बोलताना घरची सगळी मंडळी आवाज चढवतात आणि त्याबद्दल कोणी आम्हांस दोष देत नाही; आमच्या बहिरेपणाला वय म्हणतात. त्याच घरात पाच वर्षांच्या पोराच्या बहिरेपणाला आम्ही सर्वांनी मिळून हट्ट हे नाव दिले होते. एके संध्याकाळी तो गच्चीच्या कठड्यावरून वाकून खाली पाहत होता. आम्ही तीनदा ओरडलो. चौथ्या वेळेस जाऊन त्याचा कान धरला आणि चांगला पिळला. पोर रडले नाही. त्याने आमच्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. निव्वळ आश्चर्य होते. मागून अकस्मात एक हात आला आणि कान दुखला, एवढेच त्याला कळले होते. आधीच्या तीन हाका त्याच्या जगात झाल्याच नव्हत्या.

दिवाळीस विहीणबाई फोंड्याहून आल्या. त्या मटार सोलत बसल्या होत्या आणि नातू त्यांच्या पुढ्यात पाठ करून खेळत होता. त्यांनी बेताच्या आवाजात त्याचे नाव घेतले. तो हलला नाही. मग उठून त्याच्या समोर गेल्या आणि त्याच आवाजात पुन्हा नाव घेतले. पोराने हसून वर पाहिले. असे त्यांनी दोन दिवसांत पाच-सहा वेळा केले असेल. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या शांतपणे म्हणाल्या, "तो आयकना अशें न्हय. ताका आयकूंक येना."

बत्तीस वर्षे व्याकरण शिकवलेल्या आमच्यासारख्या माणसास त्या वाक्याने जागच्या जागी गप्प केले. 'ऐकत नाही' आणि 'ऐकू येत नाही' ही दोन वाक्ये आम्ही शेकडो वेळा फळ्यावर लिहिली असतील. पहिल्यात मूल कर्ता आहे, म्हणून अपराधी आहे. दुसऱ्यात ते कर्ता नाही. आवाज त्याच्यापर्यंत येत नाही, इतकेच. आमच्या चारही भाषा हा भेद जाणतात. तेलुगूत 'माट विनडु' म्हणजे सांगितलेले मानत नाही, आणि 'विनिपिंचदु' म्हणजे ऐकू येत नाही. दखनीत 'सुनता नै' वेगळे, 'सुनाई नै देता' वेगळे. चार भाषांच्या घरात वर्षभर आम्ही नातवाविषयी पहिलेच वाक्य म्हणत होतो, आणि दुसरे म्हणावयास फोंड्याहून माणूस यावे लागले.

आमच्या मंडळींनी ताबडतोब लसूण घालून तेल कढवले. सुदैवाने ते निवेपर्यंत विहीणबाईंनी डॉक्टरांची वेळ ठरवली होती. कान, नाक, घसा पाहणाऱ्या त्या बाई तेलुगू होत्या. आमचा पेशा कळताच त्यांनी आम्हांस 'मास्टारू' म्हणावयास आरंभ केला. तेलाचे ऐकून म्हणाल्या, "मास्टारू, तेल पडद्याच्या अलीकडे राहणार. गडबड पडद्याच्या पलीकडे आहे." आणि पडद्याला भोक असेल तर तेच तेल अपायही करते, हे त्यांनी वर बजावले.

पुढे त्यांनी कागदावर आकृती काढून जे समजावले ते आमच्या शब्दांत असे. कानाच्या पडद्यामागे एक इवलीशी खोली आहे, मध्यकर्ण. तीत एक-दोन मिलिलिटरच हवा मावते. हातोडा, ऐरण आणि रिकीब अशा आकारांची तीन हाडे पडद्याची थरथर या खोलीतून आतल्या कानाकडे पोचवतात. खोलीत हवा खेळावी म्हणून नाकाच्या मागच्या बाजूपासून तिच्यापर्यंत एक नळी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते. लहान मुलांची नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती सुजली, किंवा तिच्या तोंडाशी असलेली अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढली, की खोलीत हवा जाणे थांबते. आतली हवा भोवतालचे अस्तर हळूहळू शोषून घेते, दाब उतरतो, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्रव पाझरू लागतो. तो पुढे डिंकासारखा घट्ट होतो; इंग्रज डॉक्टर यास डिंकाचा कानच म्हणतात. डिंकात बुडालेली हाडे हलणार कशी? आपल्याकडे 'कान भरणे' म्हणतात ते निराळे. येथे कान खरोखरच भरलेले होते.

त्यांनी नातवाच्या कानात एक बोळा बसवून हवेचा दाब कमीजास्त केला. निरोगी पडद्याची रेषा कागदावर टेकडीसारखी चढून उतरते. आमच्या नातवाच्या दोन्ही रेषा माळरानासारख्या सपाट आल्या. मग बंद खोलीत, आवाज ऐकू आला की मणी बरणीत टाकावयाचा, असा खेळ झाला. तीस डेसिबलच्या खालच्या आवाजांना बरणीत एकही मणी पडला नाही. तीस डेसिबल म्हणजे कुजबुजीएवढा आवाज. पोर ठार बहिरे नव्हते. ते कानांत बोटे घालून राहणाऱ्या माणसाप्रमाणे आमच्या घरात राहत होते.

आता शस्त्रक्रिया सांगतील या धास्तीत आम्ही असताना बाईंनी सांगितले ते वेगळेच. तीन महिने थांबावयाचे. शाळेत जाण्याच्या वयापूर्वी बहुतेक मुलांच्या कानांत हे पाणी केव्हा ना केव्हा साचते आणि बहुतेकांचे तीन महिन्यांत आपोआप ओसरते. एक वर्ष वा अधिक काळ टिकणारी मुले शंभरांत पाच ते दहा. प्रतिजैविके, सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड यांनी या पाण्यावर टिकाऊ गुण येत नाही, म्हणून ती द्यावयाची नाहीत. नाकपुडीला लावून फुगवावयाचा एक फुगा त्यांनी दिला. तो फुगवताना नळीवाटे थोडी हवा कानात शिरते. 'कान फुंकणे' या शब्दाचा असा शास्त्रीय अर्थ असेल हे आमच्या शब्दकोशात नव्हते. शाळेत पुढच्या बाकावर बसवा आणि बोलताना समोर येऊन बोला, हीही त्यांची आज्ञाच होती. टाळू फाटलेल्या मुलांस किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांस मात्र हे दुखणे अधिक चिवट असते, त्यांचा विचार निराळा करावा लागतो. आणि प्रौढ माणसाच्या एकाच कानात असे पाणी साचले तर नाकामागे गाठ तर नाही ना, हे आधी पाहिलेच पाहिजे, असेही त्या आमच्याकडे पाहून म्हणाल्या.

तीन महिन्यांनी रेषा तशाच सपाट. मग मार्गांची चर्चा झाली. पहिला मार्ग, पडद्याला बारीक छेद देऊन डिंक शोषून घेणे. यात कान तत्क्षणी मोकळा होतो. पण पडदा काही दिवसांत भरून येतो आणि पाणी पुन्हा साचते. लेसरने पाडलेले भोक काही आठवडे टिकते, इतकाच फरक. दुसरा मार्ग, त्या छेदात ग्रॉमेट नावाची नळी बसवणे. ही दोन्ही बाजूंना कडा असलेल्या दोऱ्याच्या रिळासारखी असते आणि तिचे भोक सुमारे एक मिलिमीटर. तिसरा मार्ग, नळीबरोबरच अ‍ॅडिनॉइड काढणे. हे साधारणतः चार वर्षांवरील मुलास, अथवा नाकाची स्वतंत्र तक्रार असल्यास. चौथा, वर्षानुवर्षे राहणारी लांब नळी. पण ती निघाल्यावर पडद्याला भोक राहण्याचा धोका पुष्कळ अधिक, म्हणून ती वारंवार त्रास होणाऱ्यांसाठीच. आणि ज्यांस शस्त्र नको त्यांस श्रवणयंत्र, हाही मान्य मार्ग आहे.

आमचा सगळा विरोध एका शब्दाशी येऊन थांबला: भोक. चांगल्या पडद्याला भोक पाडावयाचे आणि ते बुजू नये म्हणून पैसे मोजावयाचे, हे आमच्या पिढीच्या बुद्धीस मानवेना. शिवाय नळीतून पाणी बाहेर यावयाचे, अशी आमची समजूत. बाईंनी ती दुरुस्त केली. "पाणी काढण्यासाठी नळी नाही, मास्टारू. हवा आत जाण्यासाठी आहे. आतला दरवाजा बंद आहे, म्हणून बाहेरून खिडकी."

त्या रात्री आम्ही आमच्याच विषयात शिरलो. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण आम्ही शिकवली होती. पण सोनार टोचून झाल्यावर भोकात तार का ठेवतो, याचा विचार केला नव्हता. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, आणि बालकाचे कान सहाव्या वा सातव्या महिन्यात टोचण्याचा विधीही आहे. त्यात टोचल्यावर छिद्रात कापसाची वात ठेवावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड वात घालावी, असे सांगितले आहे. ते टोचणे पाळीचे आणि हे पडद्याचे. दोहोंचा हेतू एक नव्हे. पण छिद्र बुजणे हा देहाचा धर्म दोन्हीकडे सारखाच. लंडनचे शस्त्रवैद्य अ‍ॅस्टली कूपर यांनी बहिरेपणावर उपाय म्हणून कानाचा पडदा छेदला आणि त्या कामासाठी १८०१ साली रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळवले. रोग्यांस आरंभी ऐकू येई. पुढे छिद्र भरून येई आणि गुण जाई. व्हिएन्नाच्या आडाम पोलित्सर यांनी १८६० नंतरच्या दशकात कठीण रबराची कडी बसवून पाहिली. खरी टिकाऊ वाट सापडली ती १९५४ साली, जेव्हा अमेरिकेत बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी प्लॅस्टिकची नळी पडद्यात ठेवली. कूपरना जी वात सुचली नव्हती ती दीडशे वर्षांनी अशी मिळाली. हे कळल्यावर भोकाविषयीचा आमचा आकस पुष्कळसा निवळला.

तरीही जमाखर्च सरळ मांडावयास हवा. नळीने पहिल्या काही महिन्यांत ऐकणे सरासरी दहाएक डेसिबलांनी सुधारते. पडद्याची कातडी बाहेरच्या दिशेने वाढत असते, ती नळीला सहा महिने ते दीड वर्षात आपोआप बाहेर ढकलते. तोवर शस्त्र न झालेल्या मुलांचेही पाणी बहुधा ओसरलेले असते. म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी दोघांच्या ऐकण्यात फारसा फरक उरत नाही. काहींचे कान नळीतून वाहतात, त्यावर थेंबांचे औषध पुरते; शंभरांत एक-दोघांच्या पडद्याला भोक राहते. काहींस नळी पुन्हा बसवावी लागते. मग हा खटाटोप कशासाठी? चिरंजीवांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा बाईंनी नातवाच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "हे वर्ष त्याला परत मिळणार नाही. याच वर्षात तो वाचायला शिकणार आहे." तो तोंडाने श्वास घेई आणि रात्री घोरे, म्हणून नळी आणि अ‍ॅडिनॉइड दोन्ही एकाच वेळी उरकावयाचे ठरले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पोर सकाळपासून उपाशी होते. आम्ही अकारणच उपाशी राहिलो. भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली, तोंडावाटे गाठ आणि कानांवाटे नळ्या, असे सगळे तासाच्या आत आटोपले आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो. रिक्षात नातवाने आईच्या पदरात तोंड खुपसले. दुखत असेल असे आम्हांस वाटले, तो म्हणाला, "गाडी केवढ्याने ओरडते!" घरी पंखा बंद करावयास सांगितला. न्हाणीघरातला गळका नळ पाहून आला. शंकर मठातली घंटा वाजली तेव्हा ताटावरून उठून खिडकीशी गेला आणि ती रोज वाजते का, म्हणून विचारले. रोज वाजते, असे आम्ही सांगितले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, ती नातवामुळे नव्हे. आमच्या वर्गात फार वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. नाक सदा वाहते, तोंड उघडे. शुद्धलेखनात 'पाठ' सांगितले की 'पाट' लिही, 'साथ' सांगितले की 'सात'. ठकाराचा आणि थकाराचा प्राण फार हलका असतो. भरलेल्या कानापर्यंत तो पोचत नाही. आम्ही त्याला वेंधळा म्हणत असू आणि दर शुद्धलेखनाच्या तासाला त्याचा कान आमच्या हातात असे. फाल्गुनात ऊन चढले, सर्दी हटली, की त्याचे शुद्धलेखन सुधारे. शिक्षक-खोलीत आम्ही ते अभिमानाने सांगत असू: कान पिळल्याशिवाय पोर सुधारत नाही. पाऊस सुरू झाला की तो पुन्हा बिघडे आणि आम्ही पुन्हा सुरुवात करीत असू. त्याच्या कानांत काय होते हे आता कळण्याचा मार्ग नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरही तेच आश्चर्य असे, हे आम्हांस त्या रात्री स्वच्छ आठवले. बत्तीस वर्षांच्या वर्गांत असे किती चेहरे असतील, याचा हिशेब आम्ही मांडावयास घेतला आणि सोडून दिला.

असे नव्हे की तपासणीची सोय नव्हती. याच शहरात कोठीला सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय आहे. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले अली यावर जंग यांच्या नावाने १९८३ साली मुंबईत वांद्र्यास श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था निघाली, तिचे विभागीय केंद्र सिकंदराबादेस आहे. उणीव होती ती एका शंकेची, आणि ती वर्गातल्या मास्तरास यावयास हवी होती.

आठ महिन्यांनी एक नळी उशीवर सापडली, तिळाएवढी. काही आठवड्यांनी दुसरीही निघाली. दोन्ही पडदे मिटले, रेषांना टेकड्या आल्या. साध्या आंघोळीला बोळे लागले नाहीत. फक्त साबणाचे पाणी, साचलेले घाण पाणी आणि खोल सूर तेवढे वर्ज्य होते, म्हणून फोंड्याच्या आजोळी ओढ्यात डुंबण्याचा बेत एक सुट्टी पुढे गेला.

परवा पाऊस पडून गेला. गल्लीत आपल्या नावाला जागणारे एक काळे तळे साचले होते आणि नातू शाळेच्या बुटांसह त्याच्या काठाशी उभा होता. आम्ही गच्चीतून हाक मारली, एकदाच आणि बेताच्या आवाजात, "पाण्यात जाऊ नकोस." तो तत्काळ वळला, आमच्याकडे पाहून हसला, आणि दोन्ही पायांनी एकदम पाण्यात उडी मारली.

आमच्या मंडळी मागून म्हणाल्या, "पाहिलंत? अजिबात ऐकत नाही."

आम्ही म्हटले, "हो. आता मात्र ऐकत नाही."